शिपायांची थट्टा ते विश्वचषकाचं गाणं: ‘वाका वाका’चं प्रकरण

७ मे २०१० रोजी शकिराचं ‘वाका वाका’ बाजारात आलं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या फुटबॉल विश्वचषकाला जेमतेम पाच आठवडे उरले होते. गायिका कोलंबियाची, निर्माता अमेरिकन, साथीला केपटाऊनचा बँड, आणि स्पर्धा आफ्रिकेच्या भूमीवर पहिल्यांदाच भरणारी. जगाला गाणं नवं वाटलं. कॅमेरूनमधल्या एका अख्ख्या पिढीला मात्र त्याचं ध्रुपद लहानपणापासून तोंडपाठ होतं. ‘झामिना मिना’ या शब्दांनी सुरू होणारं ते ध्रुपद १९८६ मध्ये गोल्डन साउंड्स नावाच्या बँडने गायलं होतं आणि त्या गाण्याचं नाव होतं ‘झांगालेवा’.

मग व्हायचं तेच झालं. चोरीचा आरोप, वर्तमानपत्रांतून चर्चा, तडजोड. बहुतेकांच्या लेखी प्रकरण तिथेच संपलं. श्रेय मिळालं, पैसे मिळाले, आता तक्रार कशाची? मला या प्रकरणातला चोरीचा भाग सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. हे गाणं मुळात एक थट्टा होतं. शिपायांनी शिपाईगिरीची केलेली थट्टा. देश बदलले तशी ती थट्टा गळत गेली, ध्रुपद तेवढं शिल्लक राहिलं. आणि ती गळाली म्हणूनच गाणं जगभर चाललं, असं माझं म्हणणं आहे. ते पटवायचं तर सुरुवात कॅमेरूनपासून करावी लागते.

पोटाला उशी बांधलेले शिपाई

कॅमेरून १८८४ पासून जर्मनांची वसाहत होती. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि देशाचे दोन तुकडे झाले. मोठा तुकडा फ्रान्सकडे, लहान ब्रिटनकडे. फ्रेंचांनी आफ्रिकेतल्या आपल्या सगळ्या वसाहतींमधून पायदळ उभं केलं होतं. या शिपायांना ‘तिरायर’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सने जर्मनीपुढे गुडघे टेकले, तेव्हा ऑगस्ट १९४० मध्ये लक्लेर हा फ्रेंच अधिकारी दुआला बंदरात उतरला आणि कॅमेरून त्याने जर्मनीविरुद्ध लढत राहिलेल्या फ्रेंच सेनानी द गॉल यांच्या बाजूला वळवलं. पुढे उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जे सैन्य लढलं, त्यात कॅमेरूनचे तिरायर होते. लढाई युरोपची आणि मैलोन्मैल चालणारे पाय आफ्रिकेचे, असा तो मामला होता.

‘झांगालेवा’चं मूळ या शिपायांच्या कूचगीतांत आहे असं मानलं जातं. शब्द दक्षिण कॅमेरूनमधल्या फांग गटाच्या भाषेतले आहेत. राजधानी याउंदेच्या आसपास बोलली जाणारी इव्होंडो याच गटातली. ‘झांगालेवा’चा अर्थ साधारणपणे ‘तुला इकडे पाठवलं कुणी?’ असा सांगतात. घाम गाळत, ओझं वाहत निघालेल्या रांगेत एकाने दुसऱ्याला हे विचारावं आणि सगळ्यांनी एका सुरात पुढची ओळ उचलावी, अशी त्याची बांधणी आहे. प्रश्नात तक्रार आहे आणि हसूही आहे. भरती होऊन फसलेल्या माणसाला दुसरा फसलेला माणूस विचारतोय.

गोल्डन साउंड्सची मंडळी स्वतः लष्करी पेशातली होती. राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलात नोकरी आणि जोडीला संगीत. झाँ पॉल झे बेला, दू बेले आणि एमिल कोजिदी ही त्यांतली नावं लक्षात ठेवावीत, कारण पुढे ती पुन्हा येणार आहेत. गाण्याच्या व्हिडिओत आणि कार्यक्रमांत ते खाकी गणवेशात, वसाहतकाळातली टोपी घालून यायचे. कपड्यांच्या आत उश्या कोंबलेल्या असायच्या: पुढे पोट सुटलेलं, मागे ढुंगण फुगलेलं. अशा अवतारात ते कवायत करत. ऐकायला कूचगीत, पाहायला फार्स.

थट्टा नेमकी कुणाची, यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, हा तिरायर शिपायांना केलेला सलाम आहे, जरा हसत केलेला. काहींना त्यात गोऱ्या साहेबाची चाकरी करत खाऊन-पिऊन गलेलठ्ठ झालेले आणि स्वतःच्याच लोकांवर दंडुका चालवणारे काळे अधिकारी दिसतात. मला दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे वाटतात. सैन्यातली गाणी अशीच असतात. वरिष्ठ समोर असले की सलाम, पाठ फिरली की नक्कल. शिवाय काळ लक्षात घ्या. पॉल बिया १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, आणि एप्रिल १९८४ मध्ये त्यांच्याविरुद्ध बंड झालं ते त्यांच्याच रक्षकदलातल्या सैनिकांनी केलेलं. याउंदेत गोळीबार झाला, बंड मोडलं गेलं, पुष्कळांना मृत्युदंड मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच दलाशी नातं असलेली माणसं पोटाला उशी बांधून जनतेसमोर लष्कराची नक्कल करतायत! ते गाणं तिथे चाललं कसं, याचं एक उत्तर असं की ते इतकं गमतीचं होतं की त्याच्यावर रागावणाराच हास्यास्पद ठरला असता.

चाल मकोसाच्या अंगाने जाणारी होती, म्हणजे दुआला शहरातून आलेल्या नाचऱ्या संगीताची. गाणं इतकं गाजलं की बँडने पुढे आपलं नावच झांगालेवा करून टाकलं. आफ्रिकेत ठिकठिकाणी शिपाई, स्काउटची पोरं, शाळकरी मुलं ते म्हणू लागली. खेळाडूंच्या सरावात आणि त्यांना चिअर करणाऱ्या गर्दीतही ते शिरलं. म्हणजे खेळाच्या मैदानावर हे ध्रुपद शकिराने आणलं नाही. ते तिथे होतंच.

कोलंबियाच्या किनाऱ्यावर

कॅमेरूनचं गाणं कोलंबियात कसं पोचलं, हा प्रश्न २०१० मध्ये अनेकांना पडला. ज्यांना कोलंबियाचा कॅरिबियन किनारा माहीत आहे त्यांना पडला नसता. कार्ताहेना हे गुलामांच्या व्यापाराचं एक मोठं बंदर होतं. तिथून पळालेल्या गुलामांनी आतल्या भागात वसवलेलं सान बासिलिओ दे पालेंके हे गाव आजही आपली भाषा राखून आहे. या किनाऱ्यावर १९७० च्या दशकापासून आफ्रिकन तबकड्या येऊ लागल्या, त्यातल्या कित्येक खलाशांच्या सामानातून. काँगोचं सुकूस, नायजेरियाचं हायलाइफ, कॅमेरूनचं मकोसा. गरीब वस्त्यांमध्ये ‘पिको’ नावाच्या अजस्र, रंगवलेल्या ध्वनियंत्रणा असत आणि प्रत्येक पिकोवाला दुसऱ्याकडे नसलेली तबकडी मिळवण्यासाठी जिवाचं रान करी. तबकडीवरचं लेबल खरवडून टाकायचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नाव कळणार नाही, ही तिथली सर्रास युक्ती. मग लोक त्या गाण्याला कानाला ऐकू येईल तसं स्पॅनिश नाव द्यायचे. यातूनच चांपेता ही तिथली नृत्यसंगीताची शैली तयार झाली.

या लेबल खरवडण्याकडे मी मुद्दाम बोट दाखवतोय. २०१० मध्ये बड्या कंपन्यांवर जो आरोप झाला, तो गरिबांच्या वस्तीत आधीच रोजचा व्यवहार होता. तिथे वाईट हेतू नव्हता, नफाही फारसा नव्हता, पण गाण्यापासून माणसाचं नाव सुटं करण्याची क्रिया तीच. ‘झांगालेवा’ तिथे गाजलं ते शिपायांच्या वेशामुळे ‘लष्करवाल्यांचं गाणं’ म्हणून. शब्द कुणाला कळत नव्हते. वेश कळत होता, म्हणून निदान अर्धी गंमत तरी समुद्र पार करून आली होती.

उरलेली गंमत डोमिनिकन प्रजासत्ताकात गळाली. विल्फ्रिदो वार्गास या संगीतकाराने पाठबळ दिलेल्या ‘लास चिकास देल कान’ या बायकांच्या बँडने १९८० च्या दशकात याच ध्रुपदावर मेरेंगे, म्हणजे तिथलं नाचाचं गाणं, बांधलं. नाव होतं ‘एल नेग्रो नो पुएदे’, म्हणजे काळ्या माणसाला जमत नाही. द्व्यर्थी, चावट, पार्टीत वाजणारं गाणं. शिपाई गेले, युद्ध गेलं, उश्या गेल्या. एका काळ्या देशाच्या लष्करावरचं गाणं काळ्या माणसावरच्या विनोदात बदललं. लॅटिन अमेरिकेत ते धो धो चाललं. १९७७ मध्ये बारांकियात, त्याच कॅरिबियन किनाऱ्यावर, जन्मलेल्या शकिराच्या पिढीला हे ध्रुपद या ना त्या रूपात ओळखीचं होतं.

एक योगायोग इथे सांगायचा मोह आवरत नाही. १९९० च्या विश्वचषकात कॅमेरूनने पहिल्याच सामन्यात गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० ने हरवलं आणि पुढे बाद फेरीत नेपल्सला त्यांची गाठ पडली ती कोलंबियाशी. कोलंबियाचा गोलरक्षक इगीता गोल सोडून पुढे आला, अडतिशीच्या रॉजे मिलाने त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन कंबर हलवली. कॅमेरून २-१ ने जिंकलं. आफ्रिकन फुटबॉलची आनंदी, नाचरी प्रतिमा जगाच्या डोक्यात बसवण्यात त्या नाचाचा वाटा फार मोठा. २०१० ला फिफाला आफ्रिकेचं जे चित्र विकायचं होतं, ते बरंचसं तिथूनच आलेलं.

विश्वचषकाला गाणं कसं मिळतं

१९६२ मध्ये चिलीत स्पर्धा झाली तेव्हा तिथल्याच लॉस रॅम्बलर्स या बँडने रॉक अँड रोलच्या चालीवर गाणं केलं. यजमान देश, यजमानांचा बँड, यजमानांची भाषा. पुढे दूरचित्रवाणीचे हक्क महाग होत गेले तसा गाण्याचा श्रोता बदलला. १९९८ मध्ये फ्रान्सच्या स्पर्धेसाठी पोर्तो रिकोचा रिकी मार्टिन गायला, तेव्हापासून यजमान देशाशी नातं असण्याची अट जवळपास सुटलीच. २००६ च्या बर्लिनमधल्या अंतिम सामन्याआधी शकिरा गाऊन गेली होती. २०१० पर्यंत सोनी ही फिफाची मोठी प्रायोजक झाली होती, स्पर्धेचा अधिकृत अल्बम सोनी म्युझिककडे होता आणि शकिरा सोनीचीच कलाकार. निवड कशी झाली हे समजायला याहून जास्त माहितीची गरज नाही.

दक्षिण आफ्रिकेत यावर नाराजी उमटली, आणि ती रास्त होती. ज्या देशात वर्णभेदाविरुद्धचा लढा लोकांनी गाण्यांवर पेलला, मिरियम माकेबा आणि ह्यू मासेकेला यांच्यासारखे कलावंत ज्या मातीतून आले, त्या देशात आफ्रिकेचा पहिला विश्वचषक होतोय आणि ‘आता पाळी आफ्रिकेची’ असं गायला कोलंबियाची बाई? फ्रेशलीग्राउंड या बँडला सोबत घेणं हे त्या नाराजीवरचं उत्तर होतं. बँड केपटाऊनचा, त्यात दक्षिण आफ्रिकेबरोबर मोझांबिक आणि झिम्बाब्वेचेही वादक. गायिका झोलानी माहोला हिने गाण्याच्या मधल्या भागात खोसा भाषेतल्या ओळी गायल्या. मला विचाराल तर अख्ख्या गाण्यात सगळ्यात जिवंत भाग तोच आहे, आणि तो काही सेकंदांत संपतो.

पण या नाराजीत एक गोम होती. ‘गाणार कोण’ यावर इतका वाद झाला की ‘गाणं कुणाचं’ हा प्रश्न सुरुवातीला मागेच पडला. १० जूनला सोवेतोच्या ऑर्लँडो स्टेडियममध्ये उद्घाटनाची मैफल झाली, ११ जुलैला जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी स्टेडियममध्ये समारोप. दोन्हीकडे शकिरा आणि फ्रेशलीग्राउंड मंचावर होते. कॅमेरूनचे ते जुने शिपाई त्या चित्रात कुठेच नव्हते. व्हिडिओत फुटबॉलपटूंपैकी मेस्सी आहे, पिके आहे, दानी आल्व्हेस आहे. कॅमेरूनच्या वाट्याला आला तो त्यांचा गोलरक्षक कार्लोस कामेनी.

नाव लागलं, पण कधी?

कायद्याच्या दृष्टीने मामला वाटतो तितका गुंतागुंतीचा नव्हता. ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात: एक शब्द-चालीचा, दुसरा त्या विशिष्ट मुद्रणाचा. शकिराच्या गाण्यात जुन्या मुद्रणाचा तुकडा उचलून चिकटवलेला नाही, ध्रुपद नव्याने गायलेलं आहे. त्यामुळे प्रश्न शब्द-चालीच्या हक्काचा. आणि इथे एक पळवाट नेहमी उपलब्ध असते: हे तर पारंपरिक लोकगीत आहे, त्याचा कर्ता कोण सांगणार? ‘झांगालेवा’च्या बाबतीत ही पळवाट सगळीच खोटी म्हणता येत नाही. ध्रुपद शिपायांच्या तोंडी आधीपासून असेल, तर गोल्डन साउंड्सने तरी ते कुठून आणलं?

माझं मत गोल्डन साउंड्सच्या बाजूने आहे. विखुरलेल्या ओळीला त्यांनी गाण्याचा आकार दिला, त्यावर नाटक बसवलं, आणि जगभर गेलं ते त्यांनी दिलेलं रूप. शिपायांच्या रांगेत म्हटली जाणारी ओळ कार्ताहेनाच्या पिकोवर वाजत नव्हती. गोल्डन साउंड्सची तबकडी वाजत होती. अखेर कोर्टाची पायरी न चढता तडजोड झाली. आज ‘वाका वाका’च्या श्रेयनामावलीत शकिरा आणि निर्माता जॉन हिल यांच्याबरोबर दू बेले, झे बेला आणि कोजिदी यांची नावं गीतकार-संगीतकार म्हणून आहेत. विश्वचषकाच्या गाण्यावर कॅमेरूनच्या तीन माणसांची नावं, हे थोडंथोडकं नाही.

विशेषतः आधीची उदाहरणं पाहिली तर. कॅमेरूनचंच पाहा. १९७२ मध्ये आफ्रिका चषक फुटबॉल स्पर्धा कॅमेरूनमध्ये भरली आणि तिचं गाणं करण्याचं काम सॅक्सोफोनवादक मनू दिबांगो यांच्याकडे आलं. त्यांनी तबकडीच्या एका बाजूला ते स्पर्धागीत ठेवलं आणि दुसरी बाजू रिकामी राहू नये म्हणून ‘सोल मकोसा’ नावाची एक चीज भरली. स्पर्धागीत आज कुणाला आठवत नाही. मागची बाजू मात्र न्यूयॉर्कच्या डिस्कोंमध्ये पोचली. तिच्यातली ‘मामाको मामासा’ ही अक्षरांची माळ पुढे थोड्या बदलाने मायकल जॅक्सनच्या गाण्यात आली; दिबांगोंनी दाद मागितल्यावर कोर्टाबाहेर पैसे मिळाले. मग २००७ मध्ये रिहानाच्या गाण्यात तीच माळ उमटली आणि २००९ मध्ये दिबांगोंना पॅरिसच्या कोर्टात पुन्हा उभं राहावं लागलं. खेळासाठी केलेल्या तबकडीतून निघालेली, कॅमेरूनची, अर्थापेक्षा नादावर चालणारी ओळ. ‘झांगालेवा’च्या आधी हीच वाट एकदा तुडवून झाली होती.

दक्षिण आफ्रिकेकडे तर याहून कडू आठवण होती. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये जोहान्सबर्गला ‘म्बुबे’ गायलं. त्याचा हक्क त्याने दहा शिलिंगांना विकला. तेच गाणं अमेरिकेत जाऊन सिंहाचं गाणं म्हणून जगप्रसिद्ध झालं, कोट्यवधी डॉलर कमावून गेलं, आणि लिंडा १९६२ मध्ये खिशात जवळपास काही नसताना वारला. त्याच्या मुलींना हक्काचा वाटा मिळायला २००६ उजाडलं. विश्वचषकाच्या अवघं चार वर्षं आधी.

या रांगेत ठेवलं की ‘वाका वाका’चं प्रकरण झटपट आणि सभ्यपणे मिटलं असंच म्हणावं लागेल. तरी क्रम लक्षात ठेवावा. आधी गाणं, मग गाजावाजा, मग ओळखीची कुजबुज, आणि त्यानंतर ठळकपणे नाव. गाणं कमी गाजलं असतं, किंवा इंटरनेटवर जुना व्हिडिओ शोधून शेजारी शेजारी लावता आला नसता, तर हेच झालं असतं याची खात्री मला वाटत नाही.

थट्टेचं काय झालं

आता मूळ मुद्दा. नवं गाणं सुरू होतं तेच खेळाडूला ‘चांगला सैनिक’ म्हणत. तू लढाया निवडतोस, पडलास तरी उठतोस, घोड्यावर परत बसतोस, अशा अर्थाच्या ओळी आहेत. म्हणजे शिपाई गेलेला नाही! तो आहे, पण त्याचं पोट आत गेलंय. उशी काढून घेतलेला, ताठ उभा, घोषवाक्याला शोभेल असा शिपाई. मूळ गाणं विचारत होतं, तुला इथे पाठवलं कुणी? नवं गाणं सांगतं, जा, लढ. शिपायाला हुकूम देणाऱ्यावर हसणारं गाणं हुकूम देणाऱ्याच्याच तोंडी गेलं, याहून मोठा उलटफेर कुठला असेल?

हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. शकिराच्या गटाला कदाचित ते शब्द उत्साही वाटले असतील आणि तेवढंच पुरेसं असेल. पण स्पर्धेच्या गाण्याचा व्यवसाय असा आहे की त्याला अर्थ नसलेलं ध्रुपदच लागतं. दोनशेच्या वर देशांत ते वाजणार. एखाद्या भाषेतला अर्थ कुणाला तरी खटकणार. म्हणून अक्षरं अशी हवीत की तीन वर्षांच्या पोरालाही म्हणता येतील आणि कुणालाच काही सांगणार नाहीत. ‘झामिना मिना’ त्यात चपखल बसलं, कारण तोवर कोलंबिया आणि डोमिनिकन प्रजासत्ताकाने त्यातला अर्थ आधीच धुऊन काढला होता.

त्याच विश्वचषकात याचा दुसरा पुरावा मिळतो. कोका-कोलाने आपल्या जाहिरातीसाठी सोमाली-कॅनेडियन गायक के’नानचं झेंड्याचं गाणं घेतलं. मूळ गाणं सोमालियाच्या युद्धातून आलेल्या माणसाचं आहे, त्यात हिंसा आहे, दारिद्र्य आहे. विश्वचषकासाठी केलेल्या ‘जल्लोष’ आवृत्तीतून हा सगळा भाग वगळून त्या जागी खेळ आणि उत्सव घालण्यात आला. चाल तीच, ध्रुपद तेच. इथे निदान मूळ गायक स्वतः हजर होता आणि बदल त्याच्या संमतीने झाला. पण दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी गाणी, दोन्ही आफ्रिकेच्या युद्धांतून आलेली, आणि दोन्हींतून नेमकं युद्धच बाहेर काढलं गेलं, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. धुतलेलं असलं तरी गाणं लोकांनी मनापासून उचललं. यूट्यूबवर ते ३०० कोटींहून जास्त वेळा पाहिलं गेलंय. विश्वचषकाच्या कुठल्याही दुसऱ्या गाण्याला हे जमलेलं नाही. उत्पन्नातला वाटा आफ्रिकेत वीस केंद्रं उभारण्याच्या फिफाच्या मोहिमेला गेला. मूळ ‘झांगालेवा’चा व्हिडिओ शोधून पाहणारे आज जगभर आहेत, आणि त्याखाली ज्या वयाची मुलं दाद देतात त्यांचे आईबापही १९८६ मध्ये शाळेत असतील. फेब्रुवारी २०२० मध्ये मायामीत सुपर बोलच्या मध्यंतरात शकिराने ‘वाका वाका’ गायलंच, शिवाय चांपेताच्या तालावर पायही धरले. अमेरिकन फुटबॉलच्या सगळ्यात मोठ्या सामन्यात कार्ताहेनाच्या पिकोवरचा नाच! लेबल खरवडणाऱ्यांच्या वस्तीला तिथे नावानिशी मान मिळाला, आणि तो तिने स्वतः होऊन दिला.

मैदानावर आफ्रिकेची पाळी फार टिकली नाही. खंडातले सहा संघ होते. यजमान दक्षिण आफ्रिका गटातच बाद झाली, असं याआधी कुठल्याही यजमानाचं झालं नव्हतं. कॅमेरून तिन्ही सामने हरून परतलं. घाना तेवढी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली आणि उरुग्वेच्या सुआरेझने गोलरेषेवर हाताने अडवलेल्या चेंडूनंतर पेनल्टीत गारद झाली.

फ्रेशलीग्राउंडची गोष्ट मात्र इथे संपत नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात या बँडने झिम्बाब्वेचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांची खिल्ली उडवणारं गाणं काढलं. व्हिडिओत मुगाबेंची बाहुली होती, विनोद सरळ आणि नाव घेऊन केलेला होता. म्हणजे १९८६ मध्ये उश्या बांधून जे चाललं होतं, त्याच जातीचं काम, फक्त पडदा न ठेवता केलेलं. झिम्बाब्वे सरकारने बँडचे कामाचे परवाने काढून घेतले. काही महिन्यांपूर्वी ज्यांचा आवाज जगातल्या झाडून सगळ्या देशांत पोचला होता, त्यांना शेजारच्या देशात गायची बंदी. २०१४ मध्ये हरारेच्या कला महोत्सवाचं निमंत्रण घेऊन ते गेले, तेव्हाही त्यांना विमानतळावरूनच परत पाठवण्यात आलं.